शुक्रवारची पाकिटं

आमच्या आईनं मरेपर्यंत कुणाचा छदाम बुडवला नाही, आणि मीही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, ही बाई कसल्या तोंडानं बोलते.

केंटकीच्या डोंगरातून आम्ही डेटनला आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि धाकटी डार्ला आईच्या काखेत. बाबा फ्रिजच्या कारखान्यात लागले. दर शुक्रवारी पगार झाला की आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकिटं मांडायची. एक डॉक्टरचं, एक वाण्याचं, एक पलंगवाल्याचं. डॉक्टरचं देणं दोनशे डॉलर असलं तरी पाकिटात दोन. एखाद्या आठवड्यात एकच. पण पाकीट रिकामं जायचं नाही, आणि आत एक चिठ्ठी असायची: 'हे देणं माझं आहे, हळूहळू फेडीन.' खाली सही. मी सहावीत गेल्यापासून चिठ्ठ्या मीच लिहायचे, कारण आईचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

"थोडं का होईना, हातावर टेकवावं," आई म्हणायची. "तोंड चुकवतो त्यालाच कोर्टात ओढतात."

आणि तिचं खरं व्हायचं. आमच्या वस्तीत निम्म्या घरांवर वसुलीवाले येऊन गेले, आमचं दार कुणी वाजवलं नाही. बाबा गेले तेव्हा तो डॉक्टर स्वतः मयताला आला आणि राहिलेलं बिल फाडून आईच्या हातात दिलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे माझ्या डोक्यात ते असं घट्ट बसलं की बास.

आता डार्लाचं सांगते. ती अठ्ठावन्नची, इस्पितळाच्या धुलाईखात्यात काम करते. दिवसभर चादरी. तिचा एकच मुलगा, रँडल. सत्ताविसाव्या वर्षी साखरेनं त्याचे डोळे गेले. एका रात्रीत नाही, चांगले पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत डार्ला त्याला घेऊन सिनसिनाटीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे खेटे घालत होती. कामावरून बिनपगारी रजा, पेट्रोल कार्डावर, मोटेल कार्डावर, औषधं कार्डावर. मग जूनमध्ये कार्डाचा हप्ता चुकला. जुलैचा चुकला, ऑगस्टचा, सप्टेंबरचा. बँकेनं कार्ड बंद केलं आणि ते देणं कुठल्याशा वसुली कंपनीला विकून टाकलं. तेवीसशे डॉलर. तोवर रँडलला सकाळ झालेली कळेनाशी झाली होती, तिथे हप्त्याचं कुणाला सुचतंय?

तर चुकलेल्या चार हप्त्यांच्या चार ओळी तिच्या क्रेडिट रिपोर्टवर, कर्ज देणारे बघतात त्या कागदावर, चढून बसल्या.

घर भाड्याचं. मालक म्हातारे मिस्टर प्रुइट, चौऱ्याऐंशीचे. त्या घरात रँडल आंधळेपणी चालायला शिकला हो. पलंगापासून शेगडीपर्यंत अकरा पावलं. शेगडीपासून मागच्या दारापर्यंत सहा. मागच्या दारापासून अंगणातल्या शेडपर्यंत त्याच्या बापानं, एव्हरेटनं, कमरेइतक्या उंचीवर एक जाड दोर ताणून दिला होता आणि त्याला गाठी मारल्या होत्या. पहिली गाठ आली की पायरी संपली. दुसरीला पॉपॉ नावाच्या फळाचं झाड. तिसरीला शेडचं दार. शेडमध्ये रँडल गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा. सगळी वस्ती त्याच्याकडे यायची. यंत्र चालू केलं की नुसतं ऐकून सांगायचा, कार्ब्युरेटर तुंबलाय, नाहीतर पातं वाकलंय. एव्हरेट तीन वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेला, दोर मात्र तसाच टणक राहिला.

मिस्टर प्रुइट डार्लाला म्हणाले होते, "डार्ला, घर द्यायचं तर तुलाच. बासष्ट हजार. पण ऑगस्ट अखेरपर्यंतच हं. माझी लेक फ्लोरिडाहून रोज कटकट करते. ती घरं विकत घेणारी कंपनी आहे ना, ती म्हणे दहा हजार जास्त देतेय."

डार्ला घरासाठी कर्ज मागायला पतपेढीत गेली. मीही गेले होते बरोबर. तिथल्या बाईनं रिपोर्ट काढला, चष्मा वर केला आणि म्हणाली, "नोकरी पक्की आहे, भाडं वेळेवर आहे, चार हजार साठवलेत तेही बरंच. अडलंय ते ह्या चार ओळींवर. उशिराचा हप्ता सात वर्षं रिपोर्टवर राहतो. तुमचा पहिला चुकला जूनमध्ये. येत्या जूनला सात पुरी होतात. मग हे सगळं आपोआप गळून पडेल."

"मी काय करू तोवर?" डार्लानं विचारलं.

"काही करू नका," ती बाई म्हणाली. "नवं कर्ज नको, नवं कार्ड नको. जून उलटला की या."

काही करू नका. माझ्यासमोर म्हणाली. माझे कान काही तेव्हा सिनसिनाटीला गेले नव्हते.

डार्लानं मयताची सोय करणाऱ्या कंपनीचं फुकटचं कॅलेंडर फ्रिजवर लावलं होतं, त्याच्यावर जूनला लाल गोल केला. रोज एक फुली. रँडल चिडवायचा, "आई, फुल्या मारून तारीख लवकर येत नसते गं."

"तू गप रे. तुला काय दिसतंय?"

"तुझ्या पेनाची करकर ऐकू येते ना. कालच्या दिवशी दोनदा मारलीस."

फेब्रुवारीतला गुरुवार होता. मी बीन्सचं पातेलं आणि मक्याचा पाव घेऊन गेले होते. जेवता जेवता फोन वाजला. डार्लानं उचलला, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "हो... मीच... आता नाही जमायचं..." एवढंच बोलून तिनं ठेवला.

"कोण गं?" मी विचारलं.

"तेच. कार्डाचे. सात वर्षांत चार कंपन्या बदलल्या, ही नवी. म्हणाला, फक्त पंचवीस डॉलर भरा, तुमची नियत चांगली आहे एवढं दिसू द्या. आवाज काय गोड, ग्लेना! आपला पास्टर नाही बोलत इतका गोड."

"मग भर की."

"पतपेढीतली बाई म्हणाली काही करू नका."

"ती नवीन कर्जाचं म्हणाली. हे जुनं देणं आहे, तुझं आहे, तू खाल्लंयस. पंचवीस डॉलरनं मरणारेस का? तो चिडला आणि त्यानं आणखी एक काळी ओळ चढवली तर? मग बस आणखी सात वर्षं फुल्या मारत."

रँडलनं चमचा खाली ठेवला. "मावशी, चार महिने राहिलेत. गप पडलंय ते गप पडू दे. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"तुझ्या आजीनं कुणाचं बुडवलं नाही."

"आजीच्या डॉक्टरला आजीचं नाव माहीत होतं. ह्या माणसाला माझ्या आईचं नाव कागदावरून वाचावं लागतं."

मला राग आला. खरं सांगते, बीन्स तशाच टाकून उठावंसं वाटलं. काल झालेलं पोर मला अक्कल शिकवतंय! डार्ला आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "राहू दे ग्लेना. नको," आणि विषय संपला.

तिचा संपला. माझा कुठला?

त्या कंपनीचं पत्र फ्रिजवर चुंबकाखाली होतं. डार्ला भांडी घासत असताना मी त्यावरचा पत्ता आणि खातेनंबर पावतीच्या पाठीवर उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. वाण्याच्या दुकानातल्या खिडकीवर माझ्या पैशांतून पंचवीस डॉलरची मनीऑर्डर घेतली. वर नाव डार्लाचं टाकलं. पत्ता माझा टाकला, म्हणजे पावती तिच्या घरी जायला नको. पत्रं ती रँडलला मोठ्यानं वाचून दाखवते, कळलं असतं ना त्याला. मग घरी येऊन आईच्या टेबलावर बसले आणि चिठ्ठी लिहिली. 'हे देणं माझं आहे, हळूहळू फेडीन. डार्ला.' सहीसुद्धा केली. लहानपणी आईची करत होते, तशी बहिणीची केली. पाकीट चिकटवताना मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, जूनमध्ये सगळं सुरळीत झालं की एक दिवस हसत हसत सांगू, बघ, तुझ्या मोठ्या बहिणीनं कशी गुपचूप पदरमोड केली.

एप्रिलमध्ये पोस्टवाली दारात आली. नोंदणीचं पत्र, नाव डार्लाचं, पत्ता माझा. "घेताय का सही करून?" मी घेतलं. मला वाटलं पावती. उघडलं तर आत काउंटी कोर्टाचा कागद. कंपनीनं डार्लावर दावा लावला होता. मूळ रक्कम, व्याज, खर्च, सगळं धरून सहा हजार एकशे ऐंशी. अठ्ठावीस दिवसांत लेखी उत्तर द्या, असं होतं.

तेव्हाच गाडीत बसून डार्लाकडे जायला हवं होतं. दहा मिनिटांचा रस्ता. पण मी म्हटलं, आता तिला कशाला घाबरवायचं, दोन महिन्यांवर जून आलाय, आधी मीच बोलून मिटवते. खोटं आहे हे. मला रँडलच्या तोंडाची भीती वाटली. त्याला दिसत नाही, पण तो ज्या बाजूला मान वळवतो ना, तिथे उभं राहवत नाही.

मी कंपनीला फोन लावला. तोच गोड आवाज. मी म्हटलं, "मी डार्लाच्या घरून बोलतेय. कोर्टाचा कागद आलाय. आम्ही काही पळून जात नाही हो. भरतोच आहोत."

"फार छान, मॅडम," तो म्हणाला. "आज किती भरता?"

"पन्नास."

"नोंद करून घेतो. असंच भरत राहा."

"मग कोर्टाचं मिटलं ना?"

"तुम्ही भरत राहा, मॅडम. आम्हाला तुमचं सहकार्य दिसतंय."

मिटलं, असं तो म्हणाला नाही. आता दर रात्री आठवून बघते, एकदाही म्हणाला नाही. पण आईच्या काळी डॉक्टरशी बोललं की मिटायचं. मी समजले मिटलं. आणखी पन्नासची मनीऑर्डर पाठवली आणि कोर्टाचा कागद आईच्या बायबलमध्ये घडी करून ठेवला. अठ्ठावीस दिवस गेले. एकोणतिसावाही गेला. आणखी एक पत्र आलं, ते मी फोडलंच नाही. तेही बायबलमध्ये.

जून उलटला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पतपेढीतल्या बाईनं नवा रिपोर्ट काढून दिला. डार्लानं तो घरी आणून टेबलावर पसरला, त्यावर पीठ सांडू नये म्हणून आधी टेबल दोनदा पुसलं. मी केक केला होता.

"वाच," रँडल म्हणाला.

"वाचायला काही नाहीच रे. गेल्या. चारही गेल्या."

"कुठे होत्या?"

डार्लानं त्याचं बोट धरून कागदावर ठेवलं. "इथे. इथपासून इथपर्यंत."

त्यानं बोट फिरवून पाहिलं. "गुळगुळीत आहे," तो म्हणाला आणि हसायला लागला. डार्ला रडायला लागली. मीही रडले. माझ्या रडण्यात थोडी भीती होती, पण केक खाल्ल्यावर तीही गेली. म्हटलं, रिपोर्टवर काही नाही म्हणजे कोर्टाचंही काही नाही. असतं तर लिहिलं नसतं का?

कर्ज मंजूर झालं. सह्यांची तारीख ठरली, अठ्ठावीस ऑगस्ट. त्याच्या आधी आठ दिवस, घराची कागदपत्रं तपासतात त्या कचेरीतून बोलावणं आलं. आम्ही तिघं गेलो. मिस्टर प्रुइट आधीच येऊन बसले होते, टोपी मांडीवर घेऊन.

कचेरीतली बाई तरणी होती, आणि भली होती बिचारी. म्हणाली, "डार्ला, तुमच्यावर कोर्टाचा निकाल लागलेला आहे. मे महिन्यात. सहा हजार चारशे."

"माझ्यावर? नाव तपासा हो. माझा रिपोर्ट स्वच्छ आहे." डार्लानं पर्समधून तो कागद काढलासुद्धा.

"रिपोर्ट स्वच्छच आहे. पण असे निकाल रिपोर्टवर येत नाहीत, ते कोर्टाच्या वहीत सापडतात. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, म्हणून एकतर्फी झालाय. तो फिटल्याशिवाय पतपेढी पैसे सोडणार नाही. घर तुमच्या नावावर झालं की त्याच दिवशी त्यांचा बोजा घरावर बसेल ना."

"पण सात वर्षं..." डार्ला म्हणाली. "सात वर्षं झाली की."

बाईनं पान उलटलं. "इथे लिहिलंय, एक मार्चला तुम्ही पंचवीस डॉलर भरलेत. सोबत चिठ्ठी जोडलीय. हे देणं माझं आहे..."

"हळूहळू फेडीन," रँडल म्हणाला.

रँडलनं मान माझ्याकडे वळवली. डार्ला आधी कागदाकडे बघत होती. सही बघितली तिनं. मग अक्षर बघितलं. लहानपणापासून ते अक्षर ओळखते ती.

"मीच पाठवले," मी म्हटलं. "कोर्टाचा कागदही माझ्याकडेच आला. बायबलमध्ये आहे."

"कधीपासून?"

"एप्रिल."

"तू जुलैत केक आणलास," डार्ला म्हणाली. बास, एवढंच. शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर मी वाचले असते. केकचं बोलली आणि पर्स बंद केली.

कोर्टाच्या इमारतीत गरिबांसाठी फुकट वकील बसतात. त्यातल्या एका बाईकडे आम्ही गेलो. थकलेली होती, दुपारचं सँडविच अर्धं तसंच पडलेलं. तिनं सगळं ऐकलं आणि मलाच सांगितलं, माझ्याकडे बघून. "रिपोर्टवरून पुसायला सात वर्षं. कोर्टात खेचायला आपल्याकडे सहाच. ही दोन वेगवेगळी आहेत. सहा तर आधीच उलटून गेली होती, त्यांना तुमच्या बहिणीचं काही वाकडं करता येत नव्हतं. म्हणून तर ते पंचवीसच मागत होते. तुम्ही पंचवीस भरलेत, वर देणं कबूल करून सही दिलीत, आणि ती सहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली."

"मला वाटलं, थोडं दिलं की..."

"सगळ्यांना तेच वाटतं," ती म्हणाली. "प्रामाणिक माणसंच फसतात ह्यात. बुडवणारा कशाला पाठवेल?"

आई गं! कुणी कानफटात मारावी तसं झालं मला.

वकीलबाई म्हणाली, एक वाट आहे. मी शपथेवर लिहून द्यायचं की पैसे मी पाठवले, सही मी केली, कागद मी घेतला आणि लपवला. मग न्यायाधीश निकाल रद्द करू शकतात. "किती दिवस लागतील?" रँडलनं विचारलं. "दोन महिने. तीनही लागतील."

मी तिथल्या तिथे लिहून दिलं. खोटी सही केली म्हणून मला धरलं तरी चालेल म्हटलं. माझ्या मयतासाठी ठेवलेले बत्तीसशे डॉलर होते, ते देणं फेडायला काढले. उरलेले कुठून आणायचे? डार्लाच्या चार हजारांतून घातले तर घराला भरायला काही उरत नाही. चर्चमध्ये टोपली फिरवली, दोनशे दहा जमले. मी मिस्टर प्रुइटच्या पायरीवर जाऊन बसले. "दोन महिने थांबा हो. नोव्हेंबरपर्यंत. भीक मागते."

म्हातारा रडला. खरंच रडला. "ग्लेना, माझ्या हातात काही राहिलं नाही गं. लेकीनं कंपनीला शब्द दिलाय, एक सप्टेंबरचा. मी तिच्याच घरी मरायला चाललोय, तिला काय नाही म्हणू?"

कंपनीनं घर घेतलं आणि डार्लाला तीस दिवसांची नोटीस लावली. नवं भाडं तिला परवडणारं नव्हतं, आणि तसंही त्यांना ते घर मोकळंच हवं होतं. आता ती दोघं हायवेजवळच्या एका इमारतीत राहतात, दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या व्यवस्थापकानं रिपोर्ट काढला आणि म्हणाला, "वा, एकदम स्वच्छ!" सात वर्षं वाट पाहून त्या स्वच्छ कागदाचं एवढंच झालं.

निकाल रद्द झाला. नोव्हेंबरच्या बारा तारखेला. वकीलबाईनं फोन करून सांगितलं. माझ्यावर काही खटला वगैरे झाला नाही. न्यायाधीश म्हणे माझं लिहिलेलं वाचून नुसते हसले.

दर शुक्रवारी मी बीन्स घेऊन दुसऱ्या मजल्यावर जाते. डार्ला दार उघडते, पातेलं घेते, मागच्या आठवड्याचं घासलेलं पातेलं हातात देते. बोलत नाही. आतून रँडल हाक मारतो, "मावशी, ये गं." तो बोलतो. यंत्रं विकून टाकली त्यानं. दुसऱ्या मजल्यावर कोण गवत कापायचं यंत्र चढवणार? खुर्चीत बसून असतो. पहिल्या महिन्यात अकरा पावलं मोजून चालायचा आणि खिडकीवर आपटायचा. आता मोजायचंही सोडलंय, भिंतीला हात लावून जातो. कॉफी स्वतः ओतत नाही, मागतो.

एकदा त्याला हळूच विचारलं, "तुझी आई कधी बोलेल रे माझ्याशी?"

"तिला वेळ दे."

"किती?"

"बँकेला सात वर्षं लागली, मावशी." आणि हसला. मला हसू आलं नाही. मी सहासष्टची आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी जुन्या घरावरून गेले. जाऊ नये, पण पाय वळतातच. कंपनीची माणसं अंगण साफ करत होती. पॉपॉचं झाड कापून आडवं घातलं होतं. शेड पाडली होती. कचऱ्याच्या मोठ्या डब्याच्या कडेवरून तो दोर लोंबत होता.

"हा मी घेऊ का?" मी त्या माणसाला विचारलं.

"कचरा आहे बाई, घेऊन जा."

मी तो घरी नेला, बादलीत भिजवला, ब्रश मारून स्वच्छ केला. खोली गरम करतो त्या रेडिएटरवर वाळायला दोन दिवस लागले. मग शुक्रवारी बीन्सबरोबर पिशवीत घालून वर नेला. डार्लानं दार उघडलं. मी पातेलं दिलं आणि पिशवी थेट रँडलच्या मांडीवर ठेवली.

त्यानं हात घातला आणि थांबला. मग दोर हळूहळू बाहेर ओढत गेला, एकेक हात. पहिली गाठ बोटांना लागली.

"पायरी," तो म्हणाला.

आणखी ओढला. गोल गोल दोर त्याच्या पायाशी पडत होता. "झाड." मग बराच वेळ नुसता दोर. तिसरी गाठ आली तेव्हा त्यानं ती मुठीत धरली आणि दुसरा हात पुढे केला, कडीकडे जातो तसा. तिथे काही नव्हतं. टीव्ही होता, बंद.

त्यानं हात खाली घेतला. डार्ला पातेलं धरून उभी होती. पातेलं तिनं टेबलावर ठेवलं, वाकून सगळा दोर गोळा केला, नीट वेटोळं केलं आणि माझ्याकडे बघितलं. ऑगस्टपासून पहिल्यांदा बघितलं.

"ग्लेना," ती म्हणाली, "आता हा बांधू कुठे?"